जावे की राहावे?

(मुलींच्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थिनी असलेल्या आणि मुंबईत परिचारिका म्हणून काम करणाऱ्या एका भगिनीने साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)



साथीच्या काळातली साक्ष द्यावी, असे मला सांगण्यात आले आहे. साक्ष म्हटले की आपल्याला एक ठरावीक गोष्ट अपेक्षित असते. संकट आले, प्रार्थना केली, संकट टळले. माझी गोष्ट इतकी सरळ नाही. म्हणून मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तो प्रश्न मला दोन वेळा, दोन ठिकाणी, अगदी उलट बाजूंनी विचारला गेला.

वसतिगृहातल्या मुलींनी विचारले, "ताई, मुंबईत एवढी माणसे मरत होती, मग तुम्ही घरी का नाही आलात?" आणि पाड्यावरच्या एका काकांनी विचारले, "तिथे पेशंट पडले असताना तू मुंबई सोडून इकडे कशी आलीस?" दोघांचेही खरे आहे. २०२० मध्ये मी राहिले. २०२१ मध्ये मी निघाले. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, जावे की राहावे.

मार्च २०२० मध्ये आमचे घर तीन ठिकाणी वाटलेले होते. आई जव्हार तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी नालासोपाऱ्याला. मी मुंबईत, एका मोठ्या रुग्णालयात.

आमच्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, पण शहरातल्या मंडळींसाठी सांगते. भात झोडून झाले, दिवाळी सरली, की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे रिकामे होऊ लागतात. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी वसई-भिवंडीकडे इमारतीच्या कामावर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत काम. मागे म्हातारी माणसे राहतात. पावसाळ्याच्या आधी सगळे परत, कारण राब भाजायचा असतो, पेरायचे असते. म्हणजे आमच्यासाठी 'शहर सोडणे' ही काही नवी गोष्ट नाही. ते दर वर्षाचेच आहे. नवे एवढेच होते की त्या वर्षी वाट बंद होती.

११ मार्चला मुंबईत पहिले दोन रुग्ण सापडले. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद झाल्या. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितले की बारा वाजल्यापासून एकवीस दिवस सारा देश बंद. मध्ये चार तास. भावाचा फोन मला नऊ वाजता आला. "ताई, काय करू?"

मी त्याला जा म्हटले नाही आणि राहाही म्हटले नाही. आम्ही दोघांनी फोनवर हिशेब केला. मुकादमाचा फोन बंद. दोन आठवड्यांची मजुरी अडकलेली. खोलीचे भाडे अडीच हजार, एक तारखेला द्यायचे. घरात तांदूळ चार दिवसांचा. छोटा सिलिंडर संपत आलेला. रेशनकार्ड पाड्यावरच्या दुकानाचे. म्हणजे हक्काचा तांदूळ जव्हारला आणि पोट नालासोपाऱ्याला. टीव्हीवर सांगत होते, घरात राहा, अंतर ठेवा, हात धुवा. दहा बाय दहाची खोली, बावीस खोल्यांना चार संडास, नळाला पाणी अर्धा तास. तिथे अंतर कोणापासून ठेवायचे?

मग मी नर्स म्हणून विचारायचे ते विचारले. तुम्हा कोणाला ताप आहे का? खोकला? चाळीत कोणी आजारी आहे का? नाही म्हणाला. मी म्हटले, "तरीही चौदा दिवस तू कोणाच्या घरात जायचे नाहीस. आईच्याही नाही. कबूल असेल तर निघ."

तो म्हणाला, "कबूल."

चार दिवसांनी, तांदूळ संपल्यावर, ते तिघे रात्री चालायला लागले. विरार, मग महामार्गाने मनोर, तिथून विक्रमगड, मग जव्हार. ऐंशी-नव्वद किलोमीटर. मुलगी खांद्यावर. तीन दिवस लागले. मनोरजवळ एका हॉटेलवाल्याने अर्धवट उघडलेल्या शटरमागून खिचडी दिली. त्या माणसाचे नाव आम्हाला माहीत नाही, पण आमच्या घरच्या प्रार्थनेत तो आजही असतो.

पाड्याच्या तोंडाशी रस्त्यावर झाडाच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. त्या दिवसांत गावोगावी तसेच होते. भाऊ ज्यांच्याबरोबर लहानाचा मोठा झाला तेच लोक काठ्या घेऊन उभे. त्यांना मी दोष देत नाही. पाड्यापासून साधा दवाखाना लांब, मोठ्या रुग्णालयाचे तर नाव नको. घरात म्हातारी माणसे. भीती खोटी नव्हती. पण आमची आशाताई शहाणी. ती म्हणाली, "हे परके नाहीत, पण यांना घरीही सोडायचे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली उघडा." शाळा बंदच होती. चौदा दिवस ते तिघे शाळेत राहिले. आई रोज नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून शाळेच्या ओट्यावर ठेवायची आणि मागे जाऊन आंब्याखाली बसायची. नात तिकडून हाक मारायची, आजी इकडून.

कोणी आजारी पडले नाही. पंधराव्या दिवशी ते घरी आले. त्यानंतर शहरातून जो कोणी आला तो आधी शाळेत राहिला. पाड्याने कोणाला हाकलले नाही आणि कोणाला तसेच आतही घेतले नाही. ही एक खोली नसती तर काय झाले असते, याचा मी बऱ्याचदा विचार करते.

आता माझे सांगते. भावाकडे शहरात राहण्यासारखे काही नव्हते. माझ्याकडे शहर सोडण्यासाठी सगळे होते. पगार होता. ओळखपत्र होते, त्यावर पोलीस सोडत. जव्हारकडे जाणारा एक रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर ओळखीचा होता, तो म्हणाला, "सिस्टर, बसा, सोडतो." मी जिथे भाड्याने राहत होते तिथल्या बाईंनी सांगितले की दोन दिवसांत खोली रिकामी करा, सोसायटीचे लोक बोलतात. आणि आई फोनवर रडत होती.

तरी मी राहिले. लोक त्याला धैर्य म्हणतात, तेव्हा मला संकोच वाटतो. धैर्याचा विचार करायला वेळच नव्हता. तीन गोष्टी होत्या. पहिली, वॉर्डात तीस खाटा. आमच्यातली एक सिस्टर गरोदर, एक पंचावन्नच्या पुढची आणि मधुमेह असलेली, त्यांना त्या कामातून काढले होते आणि ते योग्यच होते. उरलेल्यांपैकी मी गेले तर माझी पाळी कोणी करायची, याला उत्तर नव्हते. दुसरी, हा विषाणू लक्षणे दिसण्याच्या आधीही पसरतो आणि लक्षणे दिसायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात. मी रोज रुग्णांत वावरत होते. भाऊ चाळीतून गेला, मी वॉर्डातून गेले असते. पाड्यावर मी नर्स म्हणून पोहोचले असते की आजार घेऊन, हे मला सांगता येत नव्हते. तिसरी, आईजवळ आता भाऊ होता.

आईला मी हे सगळे समजावले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाय, मग तू आता नको येस." एवढेच. त्या वाक्याला तिला किती लागले असेल ते आता कळते.

रुग्णालयाने आमची सोय एका बंद शाळेत केली. म्हणजे बघा, भाऊही शाळेत, मीही शाळेतच. तो पोशाख एकदा चढवला की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. हातमोज्यांतून शीर सापडत नसे. रुग्णाजवळ नातेवाईक येऊ शकत नव्हते, म्हणून फोन आम्ही धरायचो. एका आजोबांचा मुलगा सातासमुद्रापार होता. मी फोन त्यांच्या कानाला लावला आणि तो तिकडून नुसता "बाबा, बाबा" म्हणत राहिला. बाबांना ऐकू येत होते का, मला माहीत नाही. मी मुलाला सांगितले की मी त्यांचा हात धरला आहे. ते खरे होते.

आमच्या वॉर्डातल्या एक आयाबाई त्या मे महिन्यात गेल्या. त्यांचे घर तिथून जवळच, वस्तीत. रोज कामाला येत. कोणी त्यांना विचारले नाही की तुम्ही जाणार की राहणार. जायला गाव उरले नव्हते आणि रोजंदारी सोडणे परवडत नव्हते. मी राहिले ते ठरवून. त्या राहिल्या कारण दुसरा रस्ता नव्हता. वर्तमानपत्रात दोघींनाही योद्धा म्हटले गेले. मला तो शब्द तेव्हापासून नीट घेता येत नाही.

त्याच दिवसांत आमच्या पाळकांनी मला फोनवर एक जुनी गोष्ट सांगितली. ऑगस्ट १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात प्लेग आला. राजाने मार्टिन ल्यूथर यांना निरोप पाठवला की येना शहरात निघून जा. विद्यापीठ गेले, प्राध्यापक गेले, विद्यार्थी गेले. ल्यूथर राहिले, सोबती बुगेनहागेन राहिले. ल्यूथर यांची पत्नी तेव्हा गरोदर होती आणि घरात लहान मूल होते. ब्रेस्लाऊ गावच्या पाळकांनी त्यांना विचारले होते की ख्रिस्ती माणसाने अशा साथीत पळावे का. त्याचे उत्तर त्यांनी पत्ररूपाने छापले.

स्वतः राहिलेला माणूस आता इतरांना भित्रे म्हणेल, असे आपल्याला वाटेल. तसे त्यांनी म्हटले नाही. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: जीव वाचवावा वाटणे हे पाप नाही. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही किंवा ज्याच्या जागी करणारे दुसरे आहेत, तो मोकळ्या मनाने जाऊ शकतो. पण पाळक, अधिकारी, वैद्य, आईबाप, मालक आणि नोकर, ज्यांच्या जाण्याने कोणी उघडा पडतो, त्यांनी बदली माणूस दिल्याशिवाय जाऊ नये. आणि जो राहतो त्यानेही देवाची परीक्षा पाहू नये. औषध घ्यावे, घर शुद्ध करावे, गरज नसेल तिथे जाऊ नये, नाहीतर आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव जाईल. पुढे १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग आला तेव्हा राज्यपाल निघून गेले आणि कार्डिनल चार्ल्स बोरोमियो लोकांत राहिले, तीही गोष्ट कॅथलिक बंधुभगिनींना ठाऊक असेल.

मला त्या पत्राने मोठा आधार दिला. कारण त्यात शूर कोण आणि भित्रा कोण हा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की तुझ्या जाण्याने कोण उघडा पडतो?

पवित्र शास्त्रातही दोन्ही आहे. बाळाच्या जिवाला धोका आहे हे कळताच योसेफ रात्रीच उठून मिसरला निघाला. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. आणि यिर्मया. यरुशलेम पडल्यावर त्याला बाबेलला जाण्याची मोकळीक होती, तिथे त्याची काळजी घेतली जाणार होती. तो मागे उरलेल्या गोरगरिबांत राहिला. एकाला जायला सांगितले गेले, दुसऱ्याने राहणे निवडले. दोघांच्याही मनात स्वतःच्या आधी दुसरे कोणीतरी होते.

आपल्या मुंबईनेही हा प्रश्न पूर्वी सोसला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. मी त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेले, पण पुतळा कोणाचा हे साथीच्या काळातच विचारले. त्या वेळी शहराची वस्ती आठ लाखांच्या वर होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. आगगाड्या, बोटी, बैलगाड्या, मिळेल त्या वाटेने लोक गेले आणि त्यांच्याबरोबर प्लेगही बाहेर गेला. पुण्याला पोहोचला, आणखी कुठे कुठे पोहोचला.

त्या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. महापालिकेला सर्वांत मोठी धास्ती कोणाची होती? श्रीमंत व्यापारी जातील याची नाही. सफाई कामगार निघून जातील याची. ते गेले तर शहर एक आठवडाही राहण्यालायक उरणार नाही हे आयुक्तांना ठाऊक होते. सक्तीने रुग्णालयात नेण्याचे जे कडक नियम काढले होते, ते या भीतीने सैल करावे लागले. एरवी ज्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही, त्यांच्या राहण्यावर सगळे शहर उभे असते. २०२० मध्येही तेच होते.

आणि पुण्याजवळ सावित्रीबाई फुले. दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वांद्र्याला आणि गिरगावात जे जुने क्रूस रस्त्याच्या कडेला दिसतात, त्यांतले बरेच त्या प्लेगच्या वर्षांत लोकांनी उभारले. जाता येता आपण त्यांना फुले वाहतो. ज्यांना शहर सोडून कुठे जाता आले नाही, अशांचेही हात त्या क्रूसांना लागले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आता एक तारीख सांगते. ८ मे २०२०. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे चालत निघाले होते. तिथून गावाकडची गाडी मिळेल अशी आशा होती. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून रेल्वेमार्गाने चालले. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटत होते. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले ते लोक, त्यांतले बरेच जण गोंड आदिवासी. रुळांवर पसरलेल्या भाकऱ्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मला तो फोटो बघवला नाही, कारण भाऊही तशाच भाकऱ्या बांधून निघाला होता.

श्रमिकांसाठी खास गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. पुढे त्यांतून ६३ लाखांच्या आसपास माणसे गेली. सरकारनेच संसदेत सांगितले की एक कोटीहून अधिक स्थलांतरित आपापल्या राज्यांत परतले. आपल्यातले काही लोक तेव्हा म्हणत, "हे लोक एका जागी का राहत नाहीत?" बंधुभगिनींनो, एका जागी राहायला जागा लागते, तांदूळ लागतो आणि पुढच्या महिन्याचे भाडे लागते. ज्याच्याकडे हे तिन्ही आहे त्यालाच 'जावे की राहावे' हा प्रश्न पडतो. ज्याच्याकडे नाही, त्याला प्रश्न पडत नाही. तो फक्त चालायला लागतो.

कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतून मे महिन्यात मणिपूरच्या बऱ्याच नर्स नोकरी सोडून घरी गेल्या, तेव्हा आमच्या ड्युटीरूममध्ये वाद झाला. कोणी म्हणाले, पळाल्या. मी म्हटले, घरापासून हजार मैलांवर एकटी मुलगी, शेजारी दाराशी उभे राहू देत नाहीत, घरचे रोज रडतात. तिच्या मनातला हिशेब आपण इथे बसून कसा करणार? दुसऱ्याचा हिशेब दुसऱ्याने करू नये.

आता २०२१ कडे येते. एप्रिलमध्ये दुसरी लाट होती. आम्हा आरोग्य सेवकांचे लसीकरण जानेवारीत सुरू झाले होते, माझे दोन्ही डोस झाले होते. भाऊ कामासाठी पुन्हा भिवंडीकडे गेला होता. भावजय नुकतीच बाळंत झालेली, माहेरी. आई एकटी. आशाताईचा फोन आला, "आयेचा ऑक्सिजन नव्वदच्या खाली दाखवतो. ती दवाखान्यात जायला तयार नाही. तिथून माणूस परत येत नाही म्हणते. तुझेच ऐकेल."

वॉर्ड भरलेला. मी वॉर्डच्या मुख्य सिस्टरांकडे गेले आणि जे खरे ते सांगितले. त्यांनी यादी काढली. गेल्या वर्षी गरोदर होती ती सिस्टर आता रुजू झालेली होती. ती म्हणाली, "मागच्या वर्षी तू माझ्या पाळ्या केल्यास. या वेळी मी करते." तिच्या त्या एका वाक्याने मी मोकळी झाले. मी त्या दिवशी निघाले.

आईला मी जव्हारच्या रुग्णालयात नेले. गाडीत बसेपर्यंत ती माझा हात सोडत नव्हती. ऑक्सिजन मिळाला. तिला पालथे झोपवायचे, पाणी पाजायचे, डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या बोलीत सांगायचे, हे मी केले. तिच्या शेजारच्या खाटांवरच्या वारली, कोकणा, कातकरी बायांनाही तेच सांगत होते, कारण डॉक्टरांची मराठी त्यांना आणि त्यांची बोली डॉक्टरांना पुरती कळत नव्हती. दोन बाया त्यामुळे मास्क लावून घ्यायला तयार झाल्या. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या.

आई सहाव्या दिवशी गेली. मी जवळ होते. भाऊ रात्री पोहोचला.

पाड्यावरच्या काकांचा प्रश्न तेव्हाचा आहे. मी त्यांना म्हटले, "काका, तिथे माझ्या जागी कोणीतरी उभे आहे. इथे आईच्या जागी कोणी नव्हते." ते काही बोलले नाहीत. दफनाच्या वेळी मात्र खड्डा खणायला पहिले तेच आले. नवव्या दिवशी मी मुंबईला परत कामावर गेले.

माझ्या मुलींनो, तुमच्यातल्या पुष्कळ जणी नर्सिंगला जाणार आहेत, काही कंपनीत, काही शहरात घरकामाला. साथ पुन्हा येईल की नाही हे देव जाणे. पण पूर, दंगल, मंदी, काहीतरी येईल आणि हा प्रश्न पुन्हा समोर येईल. तेव्हा तुमच्यासाठी उत्तर कोणाकडेच तयार नसेल. माझेही उत्तर वर्षभरात बदलले. विचारायचे प्रश्न मात्र बदलले नाहीत. मी गेले तर इथे कोण उघडा पडतो? मी गेले तर तिथे काय घेऊन जाते, मदत की आजार? मी राहिले तर खायला-राहायला आहे का, की दुसऱ्यावर ओझे होईन? माझ्या जागी उभे राहणारे कोणी आहे का? हे प्रार्थनेत, शांतपणे विचारा आणि एकटीने विचारू नका. ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्यालाही विचारा. मग जे ठरेल ते करा आणि मागाहून कोणी काही म्हटले तरी त्याचे मनावर घेऊ नका.

शेवटी, साहाय्यक मंडळींना एक सांगायचे आहे. तुम्ही त्या दोन वर्षांत पाड्यांवर तांदूळ, डाळ, तेल, साबण पाठवलेत. शाळेच्या त्या खोलीत राहणाऱ्यांना चटया आणि पाण्याच्या टाक्या तुमच्या देणगीतून आल्या. तुम्हाला वाटले असेल, आपण उपाशी माणसांना जेवू घातले. त्याहून अधिक झाले आहे. ज्यांना राहता येत नव्हते आणि जाताही येत नव्हते, त्यांना तुम्ही परत येण्याची वाट करून दिलीत. एक चटई, एक टाकी आणि चौदा दिवसांचा तांदूळ म्हणजे काय, हे आमच्या घराला विचारा.

हे काम साथ संपली म्हणून संपत नाही. दिवाळीनंतर पाडे आजही रिकामे होतात. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद आशाताईकडे किंवा शाळेत असावी, मुकादमाचा फोन नंबर, कामाचे ठिकाण, बरोबर किती मुले. कार्डावरचे धान्य आता दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही घेता येते, पण हे किती जणांना ठाऊक आहे? ते सांगायला कोणीतरी वीटभट्टीवर जायला हवे. आपल्याकडे नंदुरबारचे उदाहरण आहे. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, स्वतः भिल्ल समाजातून आलेले, त्यांनी पहिली लाट ओसरत असतानाच जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले, म्हणून दुसऱ्या लाटेत तिथले लोक तगले. गावाकडचा दवाखाना नीट असेल तर माणसाला गावी परतायला भीती वाटत नाही आणि जीव वाचवायला शहराकडे धावावेही लागत नाही.

वसतिगृहात असताना आम्हाला शिकवले होते की शेजारी कोण, हे आधी ठरवून मग मदत करायची नसते. वाटेत जो पडला आहे तो शेजारी. शहरात राहिले तेव्हा तो शेजारी खाटेवर होता. घरी गेले तेव्हा ती माझी आई होती. मनोरच्या त्या खिचडीवाल्याला तो अर्ध्या शटरबाहेर दिसला.

माझ्या भावाला, त्याच्या दोन्ही मुलांना आणि या वर्षी कामाला बाहेर पडणाऱ्या सर्व कुटुंबांना प्रार्थनेत आठवा.  देव तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.